टिटवीचे पाय

आईच्या मनात काय चाललंय हे मुलांना कळू नये, अशी निसर्गाने चांगली सोय करून ठेवली आहे. माझ्या मुलीने ती मोडीत काढली. शाल्मलीने मनाचा माग काढणारी कपाळपट्टी तयार केली आणि पहिल्यांदा चढवली ती माझ्याच डोक्यावर.

मी मंजिरी साटम. पुणे ते कातळवाडी या मार्गावर टिटवी चालवते. टिटवी म्हणजे नऊ आसनांचं, बॅटरीवर उडणारं विमान. कागदोपत्री त्याला दुसरंच काहीतरी नाव आहे, पण जमिनीवर लांब काटकुळ्या पायांवर ते असं काही उभं राहतं की कोकणातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं. उडाल्यावर हे पाय पोटात घ्यायचे, म्हणजे हवेचा विरोध कमी होतो आणि बॅटरी घाट ओलांडून पुरते. उतरताना आठवणीने बाहेर काढायचे. सगळी गोम त्या आठवणीत आहे.

गेल्या काही वर्षांत अशी विमानं तालुक्यातालुक्यांत झाली. एकच वैमानिक, शेजारचं आसन रिकामं, आणि मागे खेटून बसलेले प्रवासी. मध्ये भिंतही नाही. "मॅडम, खाली दिसतं ते कोयनेचं पाणी काय हो?" असं कुणी विचारलं, की उत्तर देणं आलंच. ही विमानं हवेत फारशी बिघडत नाहीत. जे काही व्हायचं ते उतरताना होतं. कुणी धावपट्टी सोडून गवतात जातं, कुणी जोरात आपटतं, तर कुणी चाकं काढायचीच विसरतं आणि पोटावर घसरत जातं. चौकशी झाली की कारण तेच निघतं. वैमानिकाचं लक्ष दुसरीकडे होतं. कुणाचा फोन उजळला, कुणाला मागून प्रश्न आला, कुणाच्या मुलाचा त्या दिवशी निकाल होता.

शाल्मली मेंदूचा अभ्यास करते. तिने हा एकच धागा धरला आणि वर्षानुवर्षं सोडला नाही. "आई, लक्ष म्हणजे विजेरी," ती मला समजावायची. "झोत एका वेळी एकाच जागी पडतो. तो उतरण्याच्या कामावर आहे की फणसाच्या भाजीवर, एवढंच मला बघायचंय."

तिच्या यंत्राचं नाव अवधान. कपाळावर आणि कानांमागे टेकलेले बारीक संवेदक मेंदूतल्या विद्युतलहरी टिपतात. समोरचा छोटा कॅमेरा नजर कुठे आहे ते बघतो. दोन्हींचा मेळ घालून यंत्र ठरवतं, की मन कामावर आहे की नाही. असलं तर समोर हिरवा ठिपका. भरकटलं की ठिपका लाल होतो आणि कानशिलावर अगदी हलकी टिचकी बसते. यंत्र ओरडत नाही, बोलत नाही. पण काही आठवड्यांत मेंदूच शिकतो, की टिचकी नको असेल तर भरकटायचं नाही. मी स्वतः हे अनुभवलं आणि गुमान कबूल केलं की पोरीच्या डोक्यात काहीतरी आहे.

मान्यता मिळायची तर एका वैमानिकाने अवधान काही महिने वापरायचं आणि शेवटी दिल्लीहून आलेल्या निरीक्षकांसमोर एक फेरी करायची. उतरताना ठिपका सतत हिरवा हवा. शाल्मलीने शेजारच्या आसनावर बसून नोंदी घ्यायच्या, पण शब्द काढायचा नाही. काढला तर चाचणी रद्द. आणि मान्यता मिळाली नाही, तर तिची प्रयोगशाळा दुसऱ्या विषयाला जाणार होती, हे जवळजवळ ठरलेलं होतं. तिने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं त्यात घातली होती. वैमानिक म्हणून मी हो म्हटलं, त्यात माझा काही मोठेपणा नव्हता.

फक्त घरी जेवायला बसणं अवघड होऊन बसलं.

"सोमवारी घाट उतरताना काय होतं डोक्यात?" ताटावर बसल्या बसल्या ती विचारायची.

"कुठे काय."

"लाल आहे, आई."

"मागे राऊळ वहिनींच्या पिशवीत सुका बांगडा होता. वास येत होता."

श्रीनिवास, म्हणजे माझा नवरा, भात कालवता कालवता म्हणायचा, "मला उगीच वाटायचं, की वर गेल्यावर हिला माझी आठवण येत असेल."

हळूहळू एकेक लाल गेला. बांगडा गेला, पगारवाढ गेली, गुडघ्याचं दुखणं गेलं. एकच उरला, आणि तो काही केल्या जाईना. धावपट्टीच्या अलीकडे जुगाईची टेकडी आहे. वर देवीचं कौलारू देऊळ, पुढे फरसबंद अंगण. टिटवी उतरताना त्या अंगणाच्या अगदी वरून जाते.

"दर वेळी तिथेच," शाल्मली म्हणाली. "टेकडी आली की तुझा उजवा हात उठतो, कपाळापर्यंत जातो, आणि मन कुठेतरी निघून जातं. तू देवभोळी कधीपासून झालीस?"

"सगळेच करतात नमस्कार. मागचं अख्खं विमान करतं."

"मागचे विमान चालवत नाहीत ना."

यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे एसटी असो, रिक्षा असो की विमान, गावदेवीसमोरून जाताना हात आपोआप छातीशी जातो. पण मी गप्प बसले ते वेगळ्याच कारणाने. माझा तो नमस्कार नव्हताच.

शाल्मली लहान असताना मी औषधं आणि टपाल नेणारं एक चिमुकलं विमान चालवत असे. संध्याकाळी माझी यायची वेळ झाली की शाळेत शिकवणारा श्रीनिवास सुटल्यावर तिला घेऊन टेकडीवर जायचा. अंगणात लाल फ्रॉकचा ठिपका दोन्ही हात हलवत उभा असायचा. मीही हात करायचे. एवढ्या उंचीवरून तिला माझा हात दिसणं शक्य नव्हतं, पण म्हणून काय करायचा नाही? मग ती मोठी झाली, पुण्याला वसतिगृहात गेली, अंगण रिकामं झालं. हात मात्र त्या जागी उठतच राहिला. एकदा मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "बाईंचा देवीवर भारी जीव." तेव्हापासून मी तो हात कपाळाला नेऊन टेकवू लागले. रिकाम्या अंगणाला हात करणारी वैमानिक म्हणून प्रसिद्ध होण्यापेक्षा ते बरं होतं. देवीचीही काही हरकत दिसली नाही.

हे शाल्मलीला सांगितलं असतं तर तिने त्याचाही आलेख काढला असता. मी म्हणाले, "बरं. सोडते."

सुटायला वेळ लागला. हात उठायचा, टिचकी बसायची, हात खाली यायचा. मग तो उठेनासाच झाला. टेकडी यायची आणि जायची, जशी दुसरी कुठलीही टेकडी. ठिपका हिरवाच. शाल्मलीने मला मिठी मारली. मला थोडं वाईट वाटलं, पण मिठी मिळाल्यावर कोण तक्रार करतं.

चाचणीचा दिवस स्वच्छ होता. निरीक्षक भालेराव माझ्या मागच्याच आसनावर बसले. मध्यम वयाचे, शांत, हातात एक पडदा, त्यावर माझाच हिरवा ठिपका. त्यांच्यामागे राऊळ वहिनी आणि नेहमीची चारपाच मंडळी. शाल्मली शेजारी बसली. विमानात ती मला कॅप्टन म्हणते. "शुभेच्छा, कॅप्टन," म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. लहानपणी इंजेक्शन घेताना मिटायची, अगदी तसे.

घाट ओलांडला आणि कातळाचं उघडं पठार, आमचा सडा, दिसायला लागला. मी उतरण्याआधीची यादी मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. बॅटरी. प्रवाशांचे पट्टे. आता चाकं म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात रेडिओवर घाडी आला. घाडी म्हणजे आमचा टॉवर. कातळवाडीच्या टॉवरमध्ये एक खोली, एक रेडिओ आणि घाडी एवढंच आहे.

"टिटवी, वायच थांबा. रनवेर म्हशी शिरल्यो हत."

"थांबते. हाकला त्यांना."

आमच्या म्हशी विमानाला घाबरेनाशा होऊन बरीच वर्षं झाली. मी सड्याला एक मोठा वळसा घातला. खाली घाडी हातात काठी घेऊन धावताना दिसत होता. एका म्हशीने जायचं नाकारलं, मग तिला बहुधा स्वतःलाच कंटाळा आला. "या आता," घाडी धापा टाकत म्हणाला. ठिपका क्षणभर लाल होऊन लगेच हिरवा झाला होता. शाल्मलीच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. व्यत्ययानंतर मन इतक्या झटकन जागेवर येणं, हेच तर तिला दाखवायचं होतं.

मी यादी सोडली होती तिथून पुढे घेतली. निदान मला तसं वाटलं. पंखांचे फ्लॅप. वेग. वारा. सगळं जिथल्या तिथे.

इतकं सुरेख मी आयुष्यात कधी उतरत आले नव्हते. धावपट्टीची मधली पांढरी रेघ नाकासमोर, वेग काट्यावर, मनात दुसरं काहीही नाही. खाली जुगाईची टेकडी आली. हात जागचा हलला नाही. टिचकी बसली नाही. समोर तो हिरवा ठिपका, जसा हवा तसा. मला फार प्रसन्न वाटत होतं.

"आई, पाय सोड."

आवाज मोठा नव्हता. कॅप्टन नाही, आई. तो आवाज शाल्मलीचा होता, पण आजच्या शाल्मलीचा नव्हता.

मला काही कळायच्या आत माझा हात चाकांच्या दांड्यावर गेला होता. दांडा वरच होता. तो मी खाली ओढला, आणि मग मला भोंगा ऐकू आला. चाकं आत असताना विमान खाली यायला लागलं, की वाजतो तो भोंगा. तो माझ्या कानाशी कर्कश वाजत होता, आणि नुकता सुरू झालेला नव्हता.

शंका आली की वर जायचं, हा नियम मी शिकाऊ मुलांना शिकवते. मी पॉवर पूर्ण दिली आणि टिटवी पुन्हा वर नेली.

"म्हशी तर गेल्यो," घाडी गोंधळून म्हणाला.

"म्हशींचं काही नाही. माझं काम राहिलंय," मी म्हणाले.

दुसऱ्या फेरीत चाकांचे तिन्ही दिवे मी बोट लावून मोजले. उतरलो. विमान थांबलं. शेजारी माझी मुलगी बसली होती. मागे माणसं होती. धावपट्टीवर पोट घासत आम्ही सगळे कुठवर गेलो असतो, कुणास ठाऊक. मी घाबरले होते, सपाटून घाबरले होते, आणि ते घाबरणं सगळं उरकल्यावर आलं होतं.

राऊळ वहिनी पिशव्या सावरत उतरल्या. मी त्यांना विचारलं, "वहिनी, तो भोंगा तुम्हाला ऐकू आला?"

"ऐकू येयत नाय तर काय? कधीपासून वाजत होता. माका वाटला, स्टॉप इलो म्हणान वाजवतत."

भालेराव मात्र उतरले नाहीत. हातातल्या पडद्याकडे बघत राहिले. मग शाल्मलीला म्हणाले, "खरं सांगू का? मलाही नाही ऐकू आला. मी तुमचा ठिपका बघत होतो."

"मीसुद्धा," ती म्हणाली.

"तो शेवटपर्यंत हिरवा होता."

"हो."

"चाचणी रद्द करावी लागेल. तुम्ही बोललात. नियम तुमच्याच प्रस्तावातला आहे." ते थोडं थांबले. "बोललात ते बरं झालं."

दुपारी ती कुणाशी न बोलता घरातून निघाली. मी मागोमाग गेले. ती टेकडीवर देवळाच्या अंगणात, कट्ट्यावर पाय सोडून बसली होती. मी शेजारी बसले. खाली धावपट्टी, पलीकडे समुद्राची बारीक रेघ. रडत नव्हती. ती विचार करत होती, आणि लहानपणापासून ते रडण्यापेक्षा गंभीर असतं.

"माझं यंत्र चुकलं नाही, आई," ती म्हणाली. "तेच वाईट आहे. मी सांगितलं ते त्याने बरोबर केलं. तुझ्या विजेरीचा झोत मी इतका अरुंद केला, की बाहेर सगळा अंधार. डोळ्यांनाच नाही, कानांनाही. माणूस एका गोष्टीत पूर्ण बुडाला की मेंदू कानावर आलेला आवाजसुद्धा दारातूनच परत पाठवतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. आज भोंगा माझ्याही दारातून परत गेला."

"मग तुझा आवाज कसा आत आला?"

"ओळखीच्याला वेगळी वाट असते. ढग गडगडले तरी आई झोपून राहते आणि बाळ कुरकुरलं की उठते, तसं." मग ती माझ्याकडे वळली. "मला ते कळत नाहीये. इतके महिने तू यादीत चाकं कधी विसरली नाहीस. त्याआधीही, इतक्या वर्षांत, नाही. यादी तर पूर्वीही मध्येच तुटत असणार. म्हशी काय आज पहिल्यांदा आल्या?"

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तो कपाळाकडून खाली कसा येतो, ते आठवून बघितलं. आणि तिथल्या तिथे, त्या कट्ट्यावर, मी तो हात उचलून कपाळाला लावला आणि खाली सोडला. तो हवेतल्या दांड्यावर येऊन थांबला. इतक्या वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. इथे यायचं, हात करायचा, आणि परत येता येता तो चाकांचा दांडा चाचपून यायचा. यादीतून जे निसटायचं ते या अंगणावर सापडायचं. किती वेळा सापडलं असेल, ते मला कधीच कळणार नाही.

मग मी तिला खरं सांगितलं. तो नमस्कार नव्हता, हात होता, आणि कुणाला होता, ते.

ती उठून अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आणि पाय?" तिने विचारलं. "पाय इथेच का सोडायचीस?"

"तूच हट्ट धरला होतास. विमानाचे पाय बाहेर येताना तुला बघायचे होते. तुझ्या बरोबर डोक्यावर आल्यावर. बाबांनी फोन करून सांगितलं, की पोरगी जेवत नाहीये. नियमात बसत होतं, म्हणून मी तसं करायला लागले."

"मी इथे उभी राहून ओरडायचे," ती हळू म्हणाली. "आई, पाय सोड. तू मग खरंच सोडायचीस. आज टेकडी खाली आली आणि आपोआप तेच तोंडातून निघालं. मला वाटायचं, तुला ऐकू येतं."

"आज आलं."

ती हसली, आणि मग डोळे पुसले. मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी काय काय गमावलं होतं, त्याचाही क्षणभर विसर पडला.

"आणि मी तुला तेच सोडायला लावलं," ती म्हणाली.

"तुला काय माहीत. मलाच माहीत नव्हतं."

पुढचे महिने ती फारशी घरी दिसली नाही. प्रयोगशाळा जाता जाता राहिली. भालेरावांनी वर कळवलं होतं, की यंत्र फसलं असलं तरी ते कसं फसलं हे कळणं मोलाचं आहे, मुलीला वेळ द्या. शाल्मलीने अवधानाची रीतच उलटी केली. आता ते आधी नुसतं शिकतं. सुरुवातीला टिचकी नाही, काही नाही. वैमानिकाचं मन कुठे कुठे जातं ते बघायचं, आणि तिथून परत येताना ते काय घेऊन येतं तेही बघायचं. ज्या भरकटण्यातून काही हाती लागत नाही, तेवढ्यालाच टिचकी. बाकीच्याला हात लावायचा नाही. उलट एखाद्या दिवशी ती जागा भरकटल्याशिवाय गेली, तर टिचकी तेव्हा.

तिने मग मार्गामार्गावरच्या वैमानिकांना बसवून बघितलं. नांदेडकडचा एक जण उतरताना नदी ओलांडली की बायकोला मनातल्या मनात "आलोच" म्हणतो, आणि त्याच दमात वेग तपासतो. साताऱ्याचा एक तंबाखूची पुडी चाचपतो, खात नाही, आणि चाचपून झाली की बॅटरीचा काटा बघतो. यातलं त्यांना स्वतःला काहीच ठाऊक नव्हतं. शाल्मली हे सगळं जेवताना सांगायची आणि श्रीनिवास म्हणायचा, "म्हणजे माणसं चालवतात तोवर विमानांना धोका नाही." मला ते पुरतं पटलेलं नाही, पण जेवताना वाद कशाला.

दुसऱ्या चाचणीला ती विमानात बसली नाही. "मी खाली थांबून अवधानाचे संदेश नीट पोचतात का बघते," असं म्हणाली. संदेश थेट दिल्लीला पोचतात, खाली कुणी थांबावं लागत नाही, हे मलाही माहीत होतं आणि भालेरावांनाही. आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

या वेळी ते माझ्या शेजारी बसले. घाट ओलांडला, सडा आला. यादी झाली, म्हशी नव्हत्या. चाकांपाशी आल्यावर मी चाकं म्हणाले, पण दांडा टेकडीपर्यंत राहू दिला. तेवढी सवलत नियमात आजही आहे. हिरव्या ठिपक्यासह आम्ही जुगाईच्या टेकडीवर आलो.

फरसबंद अंगणात कुणीतरी उभं होतं. खांद्याला पिशवी, दोन्ही हात वर. माझा हात उठला. कपाळाकडे नेला नाही, सरळ हलवला. ठिपका लाल झाला. टिचकी बसली नाही.

भालेरावांनी पडद्याकडे बघितलं. "कॅप्टन, इथे लाल का?"

"इथे माझी मुलगी उभी आहे," मी म्हणाले, आणि पाय सोडले.